‘बाहेरगावी’ हा पर्याय

आमच्या कंपनीत नवीन व्हर्जन बाजारात गेलं की केक कापतात. ठाण्याच्या ऑफिसात पँट्रीशेजारी सगळे जमतात, केकवर व्हर्जनचा आकडा असतो आणि रिलीज टीममधली मुलं एकमेकांच्या गालाला क्रीम फासतात. जुन्या व्हर्जनचा सपोर्ट बंद होतो तेव्हा फक्त एक ईमेल जाते. ती ईमेल मी लिहिते. ‘आपल्या दीर्घकालीन सहकार्याबद्दल आम्ही आभारी आहोत’ हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की बोटं ते आपोआप लिहितात. केक मात्र मीही खाते, उगाच खोटं कशाला बोला.

आम्ही डायलिसिस सेंटरांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कुठला पेशंट कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीत, कुठल्या बेडवर. आला तेव्हा वजन किती, जाताना किती. कुणाला कुठलं इंजेक्शन द्यायचं आणि कुणाला चुकूनही द्यायचं नाही. किडनी थांबलेली माणसं आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास मशीनला जोडून पडून राहतात आणि घरी जातात. हे वर्षानुवर्षं चालतं. सेंटर एकदा आमच्या सॉफ्टवेअरला सरावलं की ते बदलायला तिथे कुणीच तयार नसतं, आणि कंपनीला तर बदलल्याशिवाय गत्यंतर नसतं.

आमचा नियम असा, की चालू व्हर्जन आणि त्याच्या मागची दोन, एवढीच सांभाळायची. त्याच्याही मागे जे राहिले त्यांनी पुढे यावं, नाहीतर आपलं आपण बघावं. बाहेरच्या माणसाला हा उर्मटपणा वाटतो. मला विचाराल तर निम्मा उर्मटपणा आहे आणि निम्मी लाचारी. एक दुरुस्ती करायची तर ती प्रत्येक व्हर्जनमध्ये वेगळी करावी लागते, वेगळी तपासावी लागते. घरात एकाला तिखट, एकाला बिनतिखट आणि एकाला मऊ भात लागला की ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईचं जे होतं, ते आमचं होतं. शिवाय नवीन विकून पगार होतात, जुनं सांभाळून नुसती अब्रू राहते, आणि मीटिंगमध्ये आवाज पगार आणणाऱ्यांचा मोठा असतो. मी जुन्यांची बाजू घेऊन भांडणारी. रिलीज टीम माझ्या माघारी मला ‘वृद्धाश्रमवाल्या मॅडम’ म्हणते, हे मला माहीत आहे.

त्या वृद्धाश्रमात कल्याणचं एक सेंटर होतं. एका ट्रस्टचं, मोजक्या बेडचं. आणि तिथे सकाळच्या पाळीत, बेड चारवर, माझे वडील होते.

बाबा डोंबिवलीतल्या रंगांच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. बोलणं नेटकं, इस्त्रीचा शर्ट डायलिसिसलासुद्धा. सेंटरमध्ये ते नवीन येणाऱ्या प्रत्येकाला भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट दाखवून सांगायचे, “हे माझ्या मुलीने केलं आहे.” मी केलेलं नाही, मी फक्त जुनं सांभाळते, हे सांगून सांगून मी थकले. ते म्हणायचे, “सांभाळणं म्हणजे काय कमी आहे का?”

त्या टीव्हीवर आमचं सॉफ्टवेअर त्या पाळीची नावं दाखवायचं. बेड एक, अमुक. बेड दोन, तमुक. बाबांच्या शेजारी बेड पाचवर एक तरुण माणूस असायचा. मूळचा ठाण्याचा, लग्नानंतर कल्याणला आलेला. एकेकाळी टेंभी नाक्याच्या दहीहंडीत वरच्या थरावर चढणारा हा गडी सुईला मात्र लहान मुलासारखा घाबरायचा. डायलिसिसच्या सुया जाड असतात, घाबरण्यात काही लाज नाही. बाबांनी त्याला एक युक्ती शिकवली होती. सुई टोचताना हाताकडे बघायचं नाही, वर टीव्हीकडे बघायचं आणि नावं मोठ्याने वाचायची. आपल्या नावापर्यंत पोचेस्तोवर सुई आत गेलेली असते. तो खरंच तसं वाचायचा, शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात, आणि बाबांचं नाव आलं की बाबा बेडवरून “हजर!” म्हणायचे. अख्खी पाळी हसायची. हे रोजचं झालं होतं.

आता ‘बाहेरगावी’बद्दल सांगते. जुन्या व्हर्जनमध्ये तो एक साधा पर्याय होता. पेशंट लग्नाला किंवा गावी जाणार असला की त्याला ‘बाहेरगावी’ करायचं. मग त्याचं नाव बेडवरून निघून टीव्हीच्या तळाच्या राखाडी पट्टीत जायचं, आणि दोनेक आठवड्यांनी तिथूनही आपोआप दिसेनासं व्हायचं. बेड दुसऱ्याला द्यायला मोकळा. कुणीतरी साधेपणाने केलेली ही सोय होती.

कल्याणच्या इन्चार्ज सिस्टरने तिचा दुसराच उपयोग काढला होता. पेशंट वारला की ती त्याला ‘बाहेरगावी’ करायची. दाखला, नोंदणी वगैरे जिथल्या तिथे होत असे, बहुतेक जण घरी किंवा मोठ्या हॉस्पिटलात जायचे. सेंटरला उरायचा फक्त एक बेड आणि एक नाव. ते नाव खालच्या पट्टीत जायचं. वर बघणाऱ्या सगळ्यांना कळायचं, आणि कुणी काही विचारायचं नाही. बाबा घरी आल्यावर चहा पिता पिता म्हणायचे, “बेड दोनच्या काकू पट्टीत गेल्या.” एखादा खरोखरच भाचीच्या लग्नाला जाणारा असला तर सिस्टरला बजावून सांगायचा की मला बाहेरगावी टाका, पण सगळ्यांना सांगा हं, लग्न आहे म्हणून! तो परत आला की पाळीतले लोक टाळ्या वाजवायचे.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चिडले होते. सगळा डेटा खोटा, मग आकडेवारीला अर्थ काय? मी सिस्टरला तसं तोंडावर बोलले. ही बाई कल्याणच्या एका चाळीत राहणारी, एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला प्रत्येक पेशंटला पथ्य सांभाळून बरोबर चमचाभर खीर देणारी. मऊ बोलणारी असेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही ऑफिसात बसून बोलताय. इथे माझा पेशंट सुई घेताना वर बघतो. मी त्याला वर काय दाखवू, सांगा ना.” त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग गेल्या वर्षी केक कापला गेला. नवीन व्हर्जन आलं आणि कल्याणचं व्हर्जन नियमाच्या बाहेर पडलं. मार्चअखेर सपोर्ट बंद. नवीन व्हर्जन चांगलंच होतं, हे मी तेव्हाही म्हणत होते. वजनकाट्यावरचा आकडा थेट नोंदला जायचा, इंजेक्शनची गल्लत व्हायला वावच नव्हता. ‘बाहेरगावी’ मात्र काढून टाकलं होतं. त्याच्या जागी ‘रजेवर’ आलं होतं, परतीच्या तारखेसकट. तारीख नसेल तर पेशंटच्या मोबाइलवर आपोआप मेसेज. आणि पेशंट कायमचा जाणार असेल तर फाइल बंद करायची, कारण निवडून: प्रत्यारोपण, दुसरं सेंटर, मृत्यू, इतर. फाइल बंद केली की टीव्हीवर त्या बेडपुढे लगेच हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध’.

फेब्रुवारीत रिलीज टीमने कल्याणचा डेटा नवीन व्हर्जनमध्ये घालून चाचणी घेतली. ‘बाहेरगावी’ म्हणजे ‘रजेवर’, असं त्यांनी धरलं. दुसरं काय धरणार? चाचणीत मेसेज बंद ठेवायचे असतात. ते चालू राहिले.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेऊन बाबांना सेंटरमध्ये घेऊन गेले होते. आत शिरले तर सिस्टर फोन मानेत धरून कुणाची तरी माफी मागत होती. तो ठेवला की पुढचा. इतक्या वर्षांत पट्टीत गेलेल्या सगळ्यांच्या घरी मेसेज गेला होता: ‘आपला बेड आपल्यासाठी राखून ठेवला आहे. परत येण्याची तारीख कृपया कळवा.’ एक मुलगी फोनवर नुसती रडत होती. एकाने शिव्या घातल्या आणि त्या योग्यच होत्या. 

तेवढ्यात काउंटरपाशी एक म्हाताऱ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. खडवलीहून आल्या होत्या, सकाळच्या पहिल्या गाडीने. रुमालात गुंडाळलेला मोबाइल त्यांनी सिस्टरपुढे धरला.

“ह्यो मेसेज आला. पोरीनं वाचून दावला,” त्या म्हणाल्या. “आमचा मानूस नाय आता, बाय. लय दिस झालं. तुमी त्यांचा बेड देऊन टाका कोनाला.”

सिस्टरने फोन खाली ठेवला.

“आमाला ठावं नव्हतं वो,” बाई पुढे बोलत होत्या. “आमाला बेड मिलाया किती थांबाया लागलं व्हतं. आन आता आमीच कोनाचा आडवून बसलो. एवढं दिस कोन बिचारा थांबला आसंल.”

त्या रागावायला आल्या नव्हत्या. त्या शरमेने आल्या होत्या. मेलेल्या नवऱ्याच्या नावावर एक बेड अडकून पडलाय आणि तो सोडवायला पाहिजे, म्हणून एकट्या उठून आल्या होत्या. मला तिथे उभं राहवेना.

सिस्टर काउंटरला वळसा घालून बाहेर आली, बाईंचा हात धरला आणि त्यांना आत घेऊन गेली. खिडकीजवळच्या बेडवर एक कॉलेजातली मुलगी मशीनला जोडलेली होती. “हा बघा तुमच्या माणसाचा बेड,” सिस्टर म्हणाली. “लगेच दिलेला. एक दिवस अडवला नाही त्यांनी. चूक आमच्या कॉम्प्युटरची आहे.” बाईंनी त्या मुलीकडे बराच वेळ बघितलं. मग तिला विचारलं, “चाय घेतलास का गो?” मुलगी हो म्हणाली. बाईंनी पदर सारखा केला आणि त्या गेल्या. बाबा हे सगळं बेड चारवरून बघत होते.

मी जिन्यात जाऊन रिलीज टीमच्या प्रमुखाला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. बाळकुमच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा हुशार मुलगा, एरवी माझा लाडका. तो ऐकून घेत राहिला. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता तो स्वतः कल्याणला गेला आणि सिस्टरची माफी मागून आला.

पण मीटिंगमध्ये तो हटला नाही. मी म्हटलं, ‘बाहेरगावी’ नवीन व्हर्जनमध्ये परत आणा, नाहीतर कल्याणचा सपोर्ट वर्षभर वाढवा. तो म्हणाला, “मॅडम, मला पण वाईट वाटलं, खरंच. पण हे व्हर्जन आपण सगळीकडे देतोय. उद्या कोणी विचारलं, तुमच्याकडे किती पेशंट वारले, तर काय सांगू, बाहेरगावी गेले? आणि त्या आजींना त्रास झाला तो आपल्या मेसेजमुळे, की सिस्टरच्या चुकीच्या एंट्रीमुळे?” दोन्हीमुळे, हे मला माहीत होतं. साहेबांनी मुदतवाढीला सरळ नाही म्हटलं. ज्या सर्व्हरवर जुनं व्हर्जन चालतं, त्याच्या सिस्टिमचाच सपोर्ट ती बनवणाऱ्या कंपनीने बंद केला होता. आमच्याही डोक्यावर कुणाचा तरी मार्चअखेर होता.

शेवटी आमच्या धंद्यात नेहमी निघतो तोच तोडगा निघाला. जुन्या नोंदी ‘बाहेरगावी’ म्हणूनच राहतील, त्यांना मेसेज जाणार नाहीत. नवीन नोंद मात्र तशी करता येणार नाही. वाचता येईल, लिहिता येणार नाही. पट्टीत गेलेल्यांना आता कुणी हात लावणार नव्हतं, आणि मला तो माझा विजय वाटला. पुढच्या पाळीला बाबांना घेऊन परत येताना मी त्यांना रिक्षात ते रंगवून सांगितलं.

बाबा म्हणाले, “म्हणजे मार्चअखेरपर्यंत जे जातील ते बाहेरगावी. आणि त्यानंतरचे?”

“त्यांची फाइल बंद होईल,” मी म्हटलं.

“आणि वर काय दिसेल?”

“उपलब्ध.”

“मग मला जरा घाईच करायला हवी,” बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

“काहीतरीच काय बोलता, बाबा!” मी एवढ्या जोरात ओरडले की रिक्षावाल्याने आरशात बघितलं.

“अगं, माझं काही नाही. माझ्या नावापुढे काय लिहितात ते मी थोडाच वाचणार आहे.” त्यांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला. “पण पाचवाला वाचतो ना. रोज मोठ्याने वाचतो. त्याला ती सवय मीच लावली. त्याने ते वाचू नये, एवढीच माझी इच्छा आहे.”

मी आणखी एकदा मीटिंग मागितली, ती मिळाली, आणि तिच्यात पुन्हा तेच ठरलं. बाबांनी मला त्याबद्दल परत कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

एप्रिलमध्ये कल्याण नव्या व्हर्जनवर गेलं. काम सुरळीत झालं. सिस्टरनेच मला सांगितलं, “मॅडम, काट्याचं एक नंबर केलंय हं तुमच्या लोकांनी, लिहायचा ताप वाचला.” खरोखर गावी जाणाऱ्यांना मेसेज जायचे, ते तारीख कळवायचे, त्यांचे बेड राखले जायचे. मी तक्रार करावी असं काही नव्हतं. पहिले काही आठवडे तिथे कुणी वारलं नाही, आणि मी मनातल्या मनात त्यावर दिवस ढकलत होते.

बाबा गणपतीच्या आधी गेले. घरीच, दुपारी, वर्तमानपत्र वाचता वाचता. मी ऑफिसात होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरचा फोन आला. ती म्हणाली, “मॅडम, मी काकांना अजून गैरहजरच ठेवलंय. माझा हात होत नाही. पण वेटिंगवर एक जण आहे, फाइल बंद केल्याशिवाय बेड देता येत नाही. काय करू?”

मला खडवलीच्या बाई आठवल्या. त्या शरमेने उभ्या होत्या ती काउंटरसमोरची जागासुद्धा आठवली. “मी येते,” मी म्हटलं. सुतकात कुठे जातेस म्हणून आत्या ओरडली. मी चपला घातल्या.

सेंटरमध्ये सकाळची पाळी नुकतीच लागत होती. सिस्टरने मला तिच्या खुर्चीवर बसवलं, डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि ती आत गेली. पेशंट ताटकळत ठेवता येत नाहीत. समोर बाबांची फाइल उघडी होती. मी ‘फाइल बंद करा’वर गेले. कारणांची यादी उघडली. या यादीवर मी मीटिंगमध्ये भांडले होते, ती मला पाठ होती. ‘इतर’वर माझं बोट थोडं थांबलं. मग मी तिसरं निवडलं, जे खरं होतं ते. ‘तुमची खात्री आहे का?’ असं आमचं सॉफ्टवेअर विचारतं. मी हो म्हटलं.

तेव्हा आतून आवाज आला. बेड पाचचा आवाज, हजेरीसारखा.

बेड एकचं नाव वाचलं. बेड दोनचं. बेड तीनचं. आणि आवाज थांबला.

मी उठून आत गेले. टीव्हीवर चौथी ओळ हिरवी झाली होती. सिस्टर हातात सुई घेऊन तशीच उभी होती. सगळी पाळी वर बघायची सोडून माझ्याकडे बघत होती. शेजारचा बेड चार रिकामा, त्यावरची चादर नवी घातलेली. पाचवाल्याचा हात उशीवर सरळ पसरलेला होता.

“ताई,” तो म्हणाला, “काका?”

“बाहेरगावी गेलेत,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. त्याने मान हलवली. मग त्याने पुन्हा वर बघितलं, चौथी ओळ सोडली, पाचव्या ओळीतलं स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं, आणि “हजर” म्हणाला. सिस्टरने सुई टोचली.